नाकाने लागलेला फॉस्फरसचा शोध

सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात (जेमतेम वीज वाहणाऱ्या पदार्थात) दुसऱ्या मूलद्रव्याचे मोजके अणू मिसळतात, ती 'भेसळ', म्हणजे डोपिंग. तिच्याबद्दल 'आधी सिद्धांत, मग भेसळ' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन विल्सनने १९३१ मध्ये अर्धवाहकांचा सिद्धांत मांडला, मान्य; पण सिलिकॉनमध्ये भेसळ कुणी मुद्दाम घालायच्या आधीच आत बसलेली होती. १९४० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत संशोधक रसेल ओल यांच्याकडच्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर उजेड पडला की चक्क अर्धा व्होल्ट मिळायचा! वितळलेलं सिलिकॉन थिजताना एका बाजूला बोरॉनचं पारडं जड झालं (ती पी बाजू), दुसऱ्या बाजूला फॉस्फरसचं (ती एन बाजू), आणि मधे दोन्हींची सीमा, म्हणजे पीएन जंक्शन, आपोआप तयार.

गंमत म्हणजे फॉस्फरस इतका कमी, की वर्णपटातही दिसेना. पत्ता लागला तो नाकाला: एन बाजू कापताना कार्बाइडच्या दिव्यासारखा, म्हणजे फॉस्फीन या फॉस्फरसच्या वायूचा, वास यायचा. कोटीत एक अणू फॉस्फरसचा असला तरी सिलिकॉनची वाहकता लाखपटीने वाढते.