राजे भूमिबोल यांच्यावरचं प्रेम खरं होतं, मग त्याला कलम ११२ ची राखण कशासाठी?

पाणवठा

थायलंडचे नववे राम, राजे भूमिबोल अदुल्यादेज ९ जून १९४६ ला गादीवर आले आणि १३ ऑक्टोबर २०१६ ला गेले. सत्तर वर्षं. त्यांच्याबद्दल मराठीत लिहिलं जातं ते एक तर भक्तीनं, नाही तर 'राजावर बोललं की तुरुंग' (म्हणजे थायलंडच्या दंडसंहितेचं कलम ११२) एवढ्या एका वाक्यात. मला दोन्ही अपुरं वाटतं. माझं म्हणणं सरळ आहे: लोकांनी त्यांच्यावर जीव लावला तो कमावलेला होता, आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचा होता.

हा माणूस राजा होण्यासाठी वाढलाच नव्हता. जन्म १९२७ चा, अमेरिकेतल्या केंब्रिज गावचा, कारण वडील प्रिन्स महिदोल हार्वर्डला वैद्यक शिकत होते. आई सामान्य घरातली, परिचारिकेचं शिक्षण घेतलेली. वडील लवकर गेले, मुलं स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वाढली. थोरले भाऊ आनंद महिदोल राजे असताना बँकॉकच्या राजवाड्यात गोळी लागून मृत्युमुखी पडले आणि अठराव्या वर्षी मुकुट धाकट्याकडे आला. दोन वर्षांनी लोझानजवळ मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली.

१९३२ च्या क्रांतीनंतर राजाच्या हाती कायद्यानं फारसं उरलं नव्हतं. अशा वेळी या माणसानं काय केलं? १९५५ मध्ये इसानचा, म्हणजे ईशान्येकडच्या कोरडवाहू मुलखाचा दौरा केला आणि त्यानंतर कित्येक दशकं तो फिरतच राहिला. गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा आणि पेन्सिल. गावकऱ्यांना ओढा कुठून येतो, उन्हाळ्यात कुठपर्यंत आटतो, असं विचारून नकाशावर खुणा करायचा. बंधारे, लहान धरणं, सहा विकास-अभ्यास केंद्रं, सगळे मिळून चार हजारांवर प्रकल्प. नराथिवातच्या आम्लयुक्त दलदलीच्या जमिनी सुधारण्याचे प्रयोग, डोंगरउतारावर माती धरून ठेवायला वाळ्याच्या रांगा (हो, आपण माठात घालतो तोच वाळा), बँकॉकच्या तुंबलेल्या कालव्यांत हवा खेळवणारं पाणचक्कीसारखं यंत्र. १९६५ मध्ये जपानच्या युवराज अकिहितोंनी तिलापिया जातीचे ५० मासे पाठवले. ते चित्रलदा राजवाड्याच्या तळ्यात वाढवून त्यांची पिल्लं मत्स्यखात्याला दिली. आज 'प्ला निन' हा थायलंडच्या गरिबाच्या ताटातला नेहमीचा मासा आहे.

आणि उत्तरेतली अफू. तिथल्या मोंग या डोंगरी जमातीच्या शेतकऱ्यांना पीचच्या झाडांतूनही अफूच्या तोडीचे पैसे मिळतात, हे गप्पांतून कळल्यावर १९६९ मध्ये रॉयल प्रोजेक्ट सुरू झाला. पीक जाळून बंदूक रोखण्याऐवजी पीच, स्ट्रॉबेरी, कॉफी, भाजीपाला आणि तो विकत घेण्याची हमी. १९८८ चा मॅगसेसे पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. जगभर अफूविरोधी मोहिमा कशा फसल्या हे पाहिलं की याचं मोल कळतं.

राजाच्या बदनामीबद्दल शिक्षा देणारं कलम ११२ मलाही पटत नाही. पण सत्तर वर्षं त्या एका कलमातून पाहणं हा अन्याय आहे.

---

उलटतपासणी

पूर्ण असहमत. प्रकल्पांची यादी खरी आहे. पण त्या यादीवर टीका करण्याची मुभा ज्या देशात नव्हती, तिथलं कौतुक मोजायचं कशानं?

कलम ११२ प्रमाणे प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं. ही शिक्षा मुळात एवढी नव्हती. ती वाढवली १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये, थम्मसात विद्यापीठातल्या हत्याकांडानंतर काही दिवसांतच. त्या ६ ऑक्टोबरचा उल्लेख तुमच्या धाग्यात नाही, म्हणून लिहितो. १९७३ मध्ये हाकललेला हुकूमशहा थानोम भिक्षूच्या वस्त्रात परत आला आणि वाट बोवोन्निवेत या राजघराण्याशी जवळीक असलेल्या विहारात राहिला. राजा-राणी तिथे जाऊन आले. विद्यार्थी निषेधाला जमले. त्यांनी केलेल्या एका नाट्यप्रसंगात युवराजाला फासावर दाखवलं, अशी आवई वृत्तपत्रानं उठवली. मग सीमा पोलीस आणि जमाव आत घुसले. जमावात व्हिलेज स्काउट्स, म्हणजे गावोगावचे राजनिष्ठ स्वयंसेवक होते, ज्यांना राजाश्रय होता. मुलांना झाडाला टांगून प्रेतांवर खुर्च्या मारल्या. सरकारी आकडा ४६ मृतांचा. संध्याकाळपर्यंत लष्करी सत्ता आली आणि राजाच्या मर्जीतले न्यायाधीश थानिन पंतप्रधान झाले.

दुसरं प्रकरण. २०११ मध्ये साठी ओलांडलेल्या एका आजोबांना चार मोबाइल संदेशांसाठी २० वर्षं दिली. ते सांगत होते की मला संदेश पाठवताच येत नाही. मे २०१२ मध्ये ते तुरुंगातच कर्करोगानं गेले. हे सगळं राजे हयात असताना, त्यांच्या नावानं झालं.

ज्याच्यावर लोक इतका जीव टाकतात, त्याला आजोबांच्या संदेशांपासून संरक्षण लागावं?

---

चाओफ्रायाकाठी

नोकरीनिमित्त मी त्या काळात बँकॉकमध्ये राहत होते. प्रेम खोटं होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सिरिराज रुग्णालयाबाहेर लोक गुलाबी आणि पिवळे कपडे घालून बसले होते. पिवळा त्यांच्या जन्मवाराचा, सोमवारचा रंग, आणि गुलाबी आरोग्यासाठी शुभ मानलेला. बातमी आल्यावर जे रडणं ऐकू आलं ते कुठल्याही कायद्यानं काढता येत नाही. पुढच्या आठवड्यात काळे कपडे दुकानांत मिळेनात. रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यांत काळा रंग उकळून लोक एकमेकांचे कपडे फुकट रंगवून देत होते. राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर जायला मोटारसायकल टॅक्सीवाले पैसे घेत नव्हते. रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्यांना अनोळखी माणसं भात आणि पाणी वाटत होती.

पण त्याच दिवसांत ऑफिसमध्ये वारसाचा विषय निघाला की आवाज खाली यायचा. मैत्रीण दार लावून घ्यायची आणि तरीही नाव घ्यायची नाही. काळे कपडे न घातलेल्यांना सोशल मीडियावर धमकावलं जात होतं, तेही मी पाहिलं.

ही दोन्ही एकाच शहरात, एकाच माणसाच्या मनातसुद्धा होती. जी मैत्रीण दार लावायची तीच रात्रभर रांगेत उभी होती. माझा राग या कायद्यावर आहे तो त्यामुळेच: त्या रांगेतल्या माणसाला 'मी मनानं आले' हे सिद्ध करायची सोयच त्यानं ठेवली नाही. बाहेरचा कुणीही येऊन म्हणणार, भीतीनं आला असाल. माझ्या मैत्रिणीच्या अश्रूंचा अपमान राजावर टीका करणाऱ्यांनी केला नाही, या कायद्यानं केला.

---

पाणवठा

@चाओफ्रायाकाठी, शेवटचा परिच्छेद पूर्ण मान्य.

@उलटतपासणी, १९७६ नाकारत नाही. पण तीन वर्षं मागे जा. १४ ऑक्टोबर १९७३ ला गोळीबारातून पळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चित्रलदा राजवाड्याचे दरवाजे उघडले. थानोम देशाबाहेर गेला आणि थम्मसातचेच कुलगुरू सान्या धम्मसक पंतप्रधान झाले. मे १९९२ मध्ये लष्करानं बँकॉकच्या रस्त्यावर निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा राजांनी पंतप्रधान जनरल सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलाँग या दोघांना बोलावलं. दोघे जमिनीवर गुडघे दुमडून बसलेत आणि राजे शांतपणे समज देताहेत, हे दृश्य साऱ्या देशानं दूरचित्रवाणीवर पाहिलं. चार दिवसांत सुचिंदानं राजीनामा दिला. रक्तपात थांबवण्याची ताकद आणखी कुणाकडे होती?

शिवाय ४ डिसेंबर २००५ च्या भाषणात त्यांनी स्वतः सांगितलं की राजावर टीका करता येत नाही असं मानणं म्हणजे राजाला माणूस न मानणं. कायदा वापरणारे दुसरेच होते.

---

उलटतपासणी

२००५ च्या भाषणानंतर काय झालं ते बघा ना. पुढच्या सप्टेंबरात पंतप्रधान थाक्सिनविरुद्ध लष्कराचं बंड, त्याला राजाची मान्यता. २०१४ मध्ये लष्करप्रमुख प्रयुतचं बंड, त्यालाही मान्यता. आणि ११२ चे खटले कमी न होता वाढले. २०१५ मध्ये एकावर राजाच्या कुत्रीची टिंगल केल्याचाही ठपका होता. ज्या माणसाच्या एका शब्दानं जनरल गुडघ्यावर येतो, त्याच्या जाहीर इच्छेकडे पोलीस आणि न्यायालयं दहा वर्षं दुर्लक्ष करतात, यावर मी विश्वास ठेवावा?

१९९२ चं दृश्यही मला तुमच्यासारखं दिलासा देत नाही. निवडून न आलेला सेनापती आणि रस्त्यावर गोळ्या खाणाऱ्यांचा नेता यांना एकाच सतरंजीवर बसवून सारखीच समज दिली. आणि २०१० मध्ये थाक्सिनसमर्थक लाल शर्टवाल्यांवर गोळ्या चालल्या, नव्वदहून जास्त माणसं गेली, तेव्हा सगळा देश त्या आवाजाची वाट पाहत होता. आला नाही.

---

चाओफ्रायाकाठी

२०१० मध्ये ते सप्टेंबर २००९ पासून रुग्णालयातच होते, ऐंशीच्या पुढचे. त्यावरून त्यांना दोषी धरणं मला जमणार नाही. मात्र संकट आलं की राजवाड्याकडे बघायचं, ही सवय देशाला लागली होती. संसद आणि न्यायालयांनी करायचं काम एका वृद्ध माणसाच्या श्वासावर टांगलेलं होतं.

---

दप्तरखाना

सगळे १९७३ पासून सुरुवात करताय. खरी गोष्ट १९५७ ची आहे. त्या वर्षी फील्डमार्शल सरितनं सत्ता घेतली. त्याआधीच्या फिबुन सरकारला राजा नजरेआड असलेला बरा वाटत होता. सरितला निवडणुकीचा आधार नव्हता, त्याला वैधता हवी होती. त्यानं राजाचे दौरे वाढवले, राजापुढे लोटांगण घालण्याची चुलालोंगकोर्न राजांनी बंद केलेली प्रथा पुन्हा रुळली, आणि १९६० मध्ये राष्ट्रीय दिन २४ जूनवरून, म्हणजे १९३२ च्या क्रांतीच्या तारखेवरून हलवून राजाच्या वाढदिवशी, ५ डिसेंबरला नेला. शीतयुद्धात अमेरिकेलाही हेच हवं होतं. उदोन आणि उ-तपाओच्या तळांवरून व्हिएतनामवर विमानं जात होती आणि अमेरिकी माहिती खातं खेड्यापाड्यांत राजाच्या तसबिरी वाटत होतं.

म्हणून काम खोटं ठरत नाही. पण 'सत्ता नसलेल्या राजानं केवळ चालून चालून मन जिंकलं' हे अर्धं चित्र आहे. जीपचा रस्ता लष्करानं केला होता. इसानच्या ज्या भागांत प्रकल्प गेले तिथे साम्यवादी बंडखोरी होती, हाही योगायोग नव्हता.

---

जिरायती

मी राजकारणात पडत नाही, शेतीवर बोलतो. राजांची 'नवी पद्धत' मी बारकाईनं वाचली आहे. १५ राय म्हणजे आपली साधारण सहा एकर जमीन. त्यात ३० टक्के तळं, ३० टक्के भात, ३० टक्के फळझाडं आणि इतर पिकं, १० टक्के घर, गोठा वगैरे. आधी पोटापुरतं, मग गावानं मिळून विकायचं, मग बँक आणि बाजाराशी करार. हे हवेतलं नाही, सराबुरीत प्रत्यक्ष प्लॉट करून पाहिलेलं आहे. आपल्याकडे २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' आली तेव्हा मला तेच आठवलं.

पण सहा एकरांतली पावणेदोन एकर पाण्याखाली घालायची, तर आधी सहा एकर असावी लागते. ज्याच्याकडे दीड एकर आहे किंवा जो दुसऱ्याच्या रानात राबतो त्यानं काय करायचं, याचं उत्तर मला तिथे सापडलं नाही. तिथल्यापेक्षा निम्म्या पावसात आमच्या मराठवाड्यात तळं भरणार कसं, हा वेगळाच प्रश्न.

जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन, बात, कोसळलं. त्या डिसेंबरच्या भाषणात राजांनी 'पुरेशी अर्थव्यवस्था' मांडली: कर्ज काढून वाघ होण्याची गरज नाही, आपल्या पायावर उभं राहा. लाखो लोक शहरातून बेकार होऊन गावी परतत होते, त्यांना त्या शब्दांनी धीर दिला हे मी मानतो. २००६ मध्ये कोफी अन्नान यांनी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार दिला तोही योग्यच. तरी एक खटकतं. राजघराण्याच्या मालमत्ता विभागाकडे सियाम सिमेंट आणि सियाम कमर्शियल बँकेचे मोठे हिस्से, बँकॉकच्या मोक्याच्या जमिनी. फोर्ब्सनं २००८ मध्ये ३५ अब्ज डॉलर लावले. ती देशाची मालमत्ता आहे, राजाची खासगी नव्हे, असं त्या विभागाचं उत्तर होतं. असेल. पण 'पुरेसं' किती, हे इसानच्या शेतकऱ्याला वरून सांगितलं गेलं आणि उलट विचारायची सोय नव्हती.

कृत्रिम पावसाबद्दल थोडं. १९६९ पासून थायलंडवाले हे करताहेत, त्यासाठी स्वतंत्र सरकारी खातं आहे, विमानं आहेत, वैमानिक आहेत. आपण २००३, २०१५, २०१९ ला दुष्काळ पडला की विमान मागवतो आणि पाऊस आला की विसरतो. पावसात किती वाढ झाली हे सिद्ध करणं अवघडच, तिथेही. पण पन्नास वर्षं एखाद्या गोष्टीमागे लागण्याची चिकाटी मी मान खाली घालून मानतो.

---

पाणवठा

@जिरायती, दीड एकराचा प्रश्न रास्त आहे, त्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. मात्र ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांच्यापैकी किती कर्जातून वाचले हेही त्याच तराजूत घाला.

@दप्तरखाना, जीपचा रस्ता लष्करानं केला, कबूल. त्या रस्त्यानं जाऊन चिखलात बसून ओढ्याची चौकशी करायची, हे सरितनं शिकवलं नव्हतं. तो १९६३ मध्ये गेला. दौरे पुढे कित्येक वर्षं चालले.

---

उलटतपासणी

मग वारशाबद्दलच बोलू. वारसा म्हणजे माणूस गेल्यावर जे चालतं ते. २०२० मध्ये थम्मसातच्याच रंगसित आवारात विद्यार्थ्यांनी राजसंस्थेच्या सुधारणेच्या दहा मागण्या वाचल्या. 'राजा नको' असं त्यात नव्हतं, राज्यघटनेच्या चौकटीत राहावं एवढंच होतं. जानेवारी २०२१ मध्ये एका निवृत्त सरकारी कर्मचारी बाईंना, जुन्या राजांच्या काळातल्या ध्वनिफिती पसरवल्याबद्दल, ८७ वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा कबूल केला म्हणून निम्मी. २०२३ च्या निवडणुकीत मूव्ह फॉरवर्ड पक्ष सर्वाधिक १५१ जागा घेऊन पहिला आला. कलम ११२ मध्ये दुरुस्ती करू म्हणाल्याबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये घटना न्यायालयानं तो पक्षच विसर्जित केला.

बंधारे राहिले, तसं हेही राहिलं.

---

चाओफ्रायाकाठी

त्या २०२० च्या मोर्च्यांना माझ्या मैत्रिणीचा मुलगा जात होता. ती त्याला अडवायची नाही. घरात भिंतीवर जुन्या राजांची तसबीर तशीच होती आणि जेवताना दोघांचे वाद व्हायचे. मुलाचं म्हणणं असं की आजोबांना, म्हणजे भूमिबोल राजांना, मी वाईट म्हणत नाही, पण पुढचा राजा चांगलाच निघेल याची हमी कोण देणार? तिच्याकडे याला उत्तर नसायचं. पाणवठा, तुमच्याकडे आहे?

---

पाणवठा

नाही. चांगल्या राजाच्या कारकिर्दीत संस्था उभ्या राहिल्या नाहीत तर त्याचं चांगलेपण त्याच्याबरोबरच जातं, आणि अधिकार मात्र मागे राहतात. २०१८ मध्ये ती सगळी मालमत्ता नव्या राजांच्या नावावर झाली, ती याच वाटेनं.

तरी डोंगरातल्या ज्या बाईनं अफू सोडून पीच लावले, तिच्यासमोर मी हा युक्तिवाद मांडणार नाही. तिच्या आयुष्यात राज्य नावाची गोष्ट पहिल्यांदा काही देण्यासाठी आली ती या माणसाच्या रूपानं.

---

जिरायती

त्या डोंगरांतल्या कितीतरी लोकांना, चांगली कॉफी पिकवत असूनही, थायलंडचं नागरिकत्व पिढ्यान्‌पिढ्या मिळालेलं नव्हतं. नागरिकत्व नाही म्हणजे जमीन नावावर नाही, मतदान नाही, जिल्ह्याबाहेर जायलाही परवानगी काढावी लागायची. त्या बाईला हेही विचारायला हवं की पीचसोबत तिला आणखी काय हवं होतं.