थरथरणारी जॉयस्टिक विमानांच्या खेळांसाठी कशी पारखावी?

उड्डाणपिसे

नमस्कार मंडळी. आजवर मी साध्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या जॉयस्टिकवर विमानांचे खेळ खेळत आलो. नुकतीच एका ऑनलाइन दुकानातून कंप देणारी जॉयस्टिक मागवली. खोक्यावर ‘फोर्स फीडबॅक’ हे शब्द ठळक आणि ‘व्हायब्रेशन’ हा शब्द बारीक अक्षरांत छापलेला आहे, त्यामुळे नेमके काय पदरात पडले हेच कळेनासे झाले आहे. तोफांचा घोडा दाबला की मूठ जोरात थरथरते, चाके धावपट्टीला टेकली की पुन्हा थरथरते. सुरुवातीला गंमत वाटली. आता मात्र या थरथरीचा उड्डाणाला काही उपयोग होतो की नुसतीच करमणूक चालली आहे, असा प्रश्न पडतो.

मी मुख्यतः डीसीएस वर्ल्डमधील स्पिटफायर आणि आयएल-२ ग्रेट बॅटल्समधील मेसरश्मिट १०९ उडवतो. सुट्टीच्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये बोइंग ७३७ घेऊन बसतो. विक्रीस्थळावरचे अभिप्राय वाचले, तर बहुतेकांनी ‘फारच दमदार कंपन’ एवढेच लिहून पाच तारे दिले आहेत. दमदार म्हणजे चांगले, असे मानायला माझे मन तयार नाही. परत करण्याची मुदत अजून शिल्लक आहे. तेवढ्यात घरच्या घरी कोणत्या चाचण्या घ्याव्यात आणि त्यांच्या निकालांवरून काय ठरवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खटपट्या

आधी आपल्या हाती काय आहे ते ठरवून घ्या. त्याला दोन मिनिटे पुरतात. यूएसबीची तार संगणकातून काढा आणि दांडा एका बाजूला झुकवून सोडून द्या. तो आपणहून मध्यावर परतला, तर आत यांत्रिक स्प्रिंग आहे आणि थरथर करणारी मोटर मुठीत किंवा तळात वेगळी बसवलेली आहे. खऱ्या फोर्स फीडबॅकच्या जॉयस्टिकमध्ये बहुधा स्प्रिंग नसतेच. दांड्याच्या दोन्ही अक्षांना मोटरी जोडलेल्या असतात, मध्यावर आणण्याचे कामही त्याच करतात आणि वीज काढली की दांडा लुळा पडतो. दुसरी खूण विजेची. यूएसबी २.० चे एक पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट देते. तेवढ्यात मनगटाला विरोध करील असा जोर निघत नाही, म्हणून खऱ्या फोर्स फीडबॅकला वेगळा वीजपुरवठा लागतो. आपल्या खोक्यात अडॅप्टर किंवा भिंतीच्या सॉकेटात जाणारी तार आलेली नसेल, तर ठळक अक्षरे विसरा आणि बारीक अक्षरे खरी माना.

आता ही थरथर निर्माण कशी होते ते पाहू, कारण तिच्या सगळ्या मर्यादा तिथेच आहेत. मोटरीच्या आसावर एका बाजूला जड असे वजन बसवलेले असते आणि ते फिरले की मूठ हलते. या हलण्याचा जोर फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा केला की जोर एक चतुर्थांश उरतो. अर्थात मंद आणि जोरदार असा धक्का ही मोटर देऊच शकत नाही. गवताळ मैदानावरून धावणारे विमान सेकंदाला दोन-चार हेलकावे खाते, ते इथे एकतर जाणवणार नाहीत किंवा त्यांची भुणभुण होऊन येईल. तोफांचेही तसेच आहे. स्पिटफायरच्या २० मिलिमीटर हिस्पानो तोफेतून मिनिटाला साधारण ६०० गोळे सुटतात, म्हणजे सेकंदाला दहा. दर दशांश सेकंदाला पूर्ण थांबून पुन्हा वेग घेणे त्या वजनाला जमत नाही, म्हणून वेगवेगळ्या ठोक्यांऐवजी सलग गुणगुण हातात येते. आपणच पाहा : घोडा क्षणभर दाबून सोडा आणि गोळीबार थांबल्यावरही मूठ किती वेळ थरथरत राहते याकडे लक्ष द्या. हे शेपूट लांब असेल तर मोटर सुस्त आहे.

तिसरी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि अभिप्रायांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. विंडोजच्या ‘रन’ खिडकीत जॉय डॉट सीपीएल लिहिले की जॉयस्टिकची स्थिती दाखवणारी चौकट उघडते. तिथे मूठ हाताने स्थिर धरून थरथर सुरू करा आणि अधिकचिन्ह कसे वागते ते बघा. ते जागच्या जागी कापू लागले, तर मोटर आपल्याच जॉयस्टिकचे मापन बिघडवते आहे, म्हणजे तोफा चालवताना नेमकी त्याच वेळी नेमबाजी ढासळणार. घासून मोजणारे पोटेन्शियोमीटर असतील तर ही अडचण अधिक दिसते. चुंबकीय हॉल सेन्सर असतील तर संकेत सहसा स्वच्छ असतो, पण मूठच हलत असेल तर तो तरी काय करणार? कापरे झाकण्यासाठी मध्याभोवतीचा मृत पट्टा, म्हणजे जिथे दांडा हलला तरी खेळ दखल घेत नाही तो भाग, वाढवण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. स्पिटफायरसारख्या हलक्या एलिव्हेटरच्या (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूच्या) विमानात तो पाळू नका. तिथे सगळे उड्डाणच मध्याजवळच्या बारीक हालचालींवर चालते.

नभोवाट

खटपट्या यांनी यंत्राची बाजू नीट मांडली आहे. मी खुर्चीत बसून उडवणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

जुन्या विमानांत दांडा तारांनी किंवा दांडक्यांनी थेट सुकाणूंना जोडलेला असे, त्यामुळे हवेचा दाब वैमानिकाच्या हाती येई. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २०० किलोमीटरवर एखादे सुकाणू वळवायला जेवढा जोर लागतो, तेवढेच वळवायला ४०० वर त्याच्या चौपट जोर लागतो. मेसरश्मिट १०९ चा एलिव्हेटर वेगवान सुरकांडीत इतका जड होई की विमान वर उचलताना वैमानिकाची दमछाक व्हावी. आता आपण आयएल-२ मध्ये तीच सुरकांडी मारून पाहा. आपला दांडा सुरुवातीला जितका हलका होता तितकाच शेवटीही हलका असेल, फक्त पडद्यावरचे विमान आपले ऐकेनासे होईल. वेगाची ही खबर थरथर देऊ शकत नाही, आणि मोटर कितीही दमदार असली तरी यात फरक पडणार नाही.

ट्रिमचेही, म्हणजे दांडा सतत ओढून न धरता विमान स्थिर ठेवण्याच्या सोयीचेही, असेच. खऱ्या विमानात ट्रिम फिरवली की दांड्याची विश्रांतीची जागाच सरकते. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर मात्र आपण ट्रिम फिरवत फिरवत दांडा हळूहळू मध्यावर सोडतो, आणि ही उलटी सवय अंगवळणी पडते. ज्यांना हेलिकॉप्टर उडवायचे आहे त्यांना तर हा फरक फार छळतो. ह्यूई हेलिकॉप्टरमध्ये फोर्स ट्रिमचे बटण सोडल्यावर दांडा हात असेल तिथे टिकून राहतो. स्प्रिंगवाला दांडा मध्याकडे ओढ घेतो.

मग थरथरीचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो एका ठिकाणी फार मोलाचा आहे. घट्ट वळणात पंखावरची हवा सुटू लागली की स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याच्या, आधी विमान थडथडू लागते. त्या थडथडीच्या काठावर विमान धरून ठेवणे हीच वळणाच्या लढाईतली हातोटी. ही खबर हातात आली तर डोळे शत्रूवर ठेवता येतात. तेव्हा अशी चाचणी घ्या. पर्यायांत जाऊन तोफा, चाके, इंजिन यांचे परिणाम जमतील तेवढे बंद किंवा कमी करा, स्टॉलपूर्व थडथड तेवढी ठेवा. खेळाचा आवाज पूर्ण बंद करा, कारण एरवी कान आधीच सांगून टाकतात आणि श्रेय मुठीला जाते. मग ठरावीक उंचीवरून, ठरावीक वेगाने पूर्ण गोल वळण घ्या आणि किती उंची गमावली ते लिहून ठेवा. मध्येच घरातल्या कुणाला तरी, आपल्याला न सांगता, कंपाची पातळी शून्यावर नेण्यास सांगा. मुठीतली थरथर तर कळेलच, तेव्हा ती आहे की नाही हे ओळखणे ही परीक्षा नव्हे. थरथर असताना वळण अधिक स्वच्छ येते का, एवढेच पाहायचे. तसे येत नसेल, तर तो कंप केवळ सजावटीचा आहे.

बोइंगबद्दल एक गंमत सांगण्याजोगी आहे. ७३७ मध्ये स्टॉलची सूचना देण्यासाठी ‘स्टिक शेकर’ असतो आणि तो म्हणजे सुकाणूच्या खांबाला जोडलेली, एका बाजूला जड वजन असलेली विजेची मोटर. आपल्या जॉयस्टिकमध्ये आहे तीच कल्पना! याचा अर्थ, ज्या विमानासाठी आपल्याला थरथर बिनकामाची वाटत असेल, त्याच विमानात ती अस्सल ठरते. अडचण एवढीच की २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर मूळ स्वरूपात जॉयस्टिककडे असे संकेत पाठवत नाही. त्यासाठी एक्सपीफोर्स किंवा एफएसफोर्स यांसारखी वेगळी प्रणाली घ्यावी लागते. एअरबस ए३२० चा साइडस्टिक मात्र नुसता स्प्रिंगवर चालतो, सुकाणूंवरचा दाब हातात देत नाही आणि त्याला शेकरही नाही. एअरबसवाल्याने अशा जॉयस्टिकवर एक पैसाही खर्चू नये.

पश्चिमवारा

वरील दोन्ही उत्तरे पटली, पण मूळ गृहीतकाबद्दल थोडी शंका आहे. स्टॉलपूर्व थडथड खऱ्या विमानात एकट्या मुठीत येत नाही. सबंध सांगाडा थडथडतो आणि वैमानिकाला ती प्रामुख्याने आसनातून कळते. मग ती मुठीतच का हवी, जिथे तिने नेम बिघडतो? माझ्या खुर्चीच्या बैठकीखाली बास शेकर बोल्टने आवळलेला आहे. हा एक प्रकारचा कर्णाच, फक्त कागदी पडदा नसलेला. छोट्या अँप्लिफायरमधून त्याला संकेत मिळतो. डीसीएस आपली उड्डाणाची माहिती बाहेर देऊ शकते, आणि सिमशेकर नावाची प्रणाली त्या माहितीवरून थडथड, चाके, तोफा यांचे वेगवेगळे कंप तयार करते. हा शेकर तुलनेने मंद पण जोरदार अशी थडथडही देतो, जे मुठीतल्या मोटरीला वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमामुळे जमत नाही. बास शेकर ऑनलाइन मिळतो आणि अँप्लिफायरला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तोटा नाही.

थोडक्यात, मी आपल्या जागी असतो तर ही जॉयस्टिक परत करून हॉल सेन्सरची, कंप नसलेली चांगली जॉयस्टिक घेतली असती. एक व्यावहारिक सूचना : खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर खुर्चीच्या पायांखाली जाड रबर घाला. रात्री अकरानंतर केलेल्या लढाया सोसायटीच्या बैठकीत निघतात.

उड्डाणपिसे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या. तार काढल्यावर दांडा टुणकन मध्यावर आला, म्हणजे ही निव्वळ थरथरणारीच. जॉय डॉट सीपीएलच्या चौकटीत अधिकचिन्ह डाव्या-उजव्या दिशेने जवळजवळ स्थिर राहिले, पण पुढे-मागे स्पष्टपणे कापत होते. एलिव्हेटरच्याच अक्षावर हे व्हावे, हे विशेष वाईट. तोफांचे शेपूटही लांब आहे. छोटी फैर संपून धूर मागे गेला तरी मूठ गुणगुणतच राहते.

वळणाच्या चाचणीने मात्र मला चकित केले. बहीण मध्येच पातळी बदलत होती आणि आवाज बंद होता. थडथड हातात असताना माझी वळणे खरोखरच सुधारली, विशेषतः उजवीकडची, जिथे मी एरवी दांडा जास्त ओढतो. तेव्हा ‘सजावटीचा कंप’ असे तरी म्हणता येत नाही. तरीही कापऱ्या एलिव्हेटरसह ही जॉयस्टिक ठेवणे मला पटत नाही, म्हणून ती परत करतो आहे.

आता पुढचा प्रश्न. न्यू जर्सीत राहणारा माझा मामेभाऊ दिवाळीत येणार आहे आणि त्याला तिकडे वापरलेली मायक्रोसॉफ्ट साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ दिसली आहे. इतकी जुनी वस्तू आणवावी का, आणि त्याने तिकडेच काय तपासून घ्यावे?

खटपट्या

जरूर आणवावी, पण तपासून. ही जॉयस्टिक २००० साली बाजारात आली. तिच्या आधीची १९९७ ची ‘प्रो’ गेम पोर्टवर चालते, तेव्हा चुकून ती घेतली जाणार नाही हे भावाला बजावून सांगा; ‘२’ ला यूएसबीची तार असते. मायक्रोसॉफ्टने या प्रकारच्या जॉयस्टिक पुढे बंद केल्या, तरी आजच्या विंडोजवर ही वेगळा ड्रायव्हर न टाकता चालते, आणि आपले दोन्ही लढाऊ खेळ तिला स्प्रिंगचा ताण, घर्षण, धक्के असे सर्व प्रकारचे संकेत पाठवतात.

भावाने ती विजेला आणि संगणकाला जोडावी, मूठ धरावी आणि दांडा चारही दिशांना सावकाश फिरवावा. ताण सगळीकडे सारखा वाटला पाहिजे. एखाद्या दिशेला खरखर किंवा पोकळी जाणवली तर आतले दाते झिजले आहेत असे समजावे. मूठ सोडल्यावर दांडा ढिला पडला तर घाबरू नये. मुठीत हात आहे की नाही हे ओळखणारा प्रकाशसंवेदक आहे आणि हात काढला की तो मोटरी सोडून देतो. हात असतानाही जोर मध्येच जात असेल, तर तो संवेदक धुळीने माखलेला असू शकतो. पुष्कळ जण त्यावर चिकटपट्टी लावून मोटरी कायम चालू ठेवतात, पण मग खेळ संपल्यावर तिची वीज बंद करायला विसरू नये. पंधरा-वीस मिनिटे खेळून तळ कोमट होणे स्वाभाविक आहे, जळका वास येणे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तळाचे लेबल वाचायला सांगा. तिचा वीजपुरवठा आतच बसवलेला आहे. अमेरिकेत विकलेल्या जॉयस्टिकवर १२० व्होल्टच्या आसपासचा आकडा असेल, आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटात ती थेट खोचली तर पहिलेच उड्डाण शेवटचे ठरेल. २३० वरून ११० व्होल्टवर आणणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर ती पुण्यात पोहोचण्याआधीच आणून ठेवा. पिन बदलणारा नुसता अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हेही मामेभावाला सांगून ठेवा, कारण विमानतळावरच्या दुकानात तोच गळ्यात मारतात.