तुमच्या शेताचं शहर होताना काय काय पाहिलंत? (पिंपरी-चिंचवड आणि आसपास)

परवा जुना सातबारा शोधताना आजोबांची वही सापडली. ज्वारी किती पोती झाली, पाण्याची पाळी कुणाची, कुणाला किती पायल्या उसन्या दिल्या, असलं सगळं. ज्या तुकड्याचा हिशोब आहे तिथं आता अकरा मजली टॉवर आहे आणि गंमत म्हणजे मी त्यातच चौथ्या मजल्यावर राहतो. आमचं मोशी १९९७ ला महापालिकेत आलं, तोपर्यंत इंद्रायणीकाठी कांदा, ज्वारी, भाजीपाला. आधी लोक एकरात बोलायचे, मग गुंठ्यात, आता स्क्वेअर फुटात. तुम्ही मूळ गाववाले असा नाहीतर बाहेरून आलेले, लिहा. मोठं झालं तरी चालेल.

*भोसरीकर*
आम्ही बाहेरचेच. ७२ च्या दुष्काळानंतर वडील सोलापूरकडून आले, आयटीआय टर्नर. पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना ५४ सालचा, मग एमआयडीसी, मोटारी, स्कूटर, आणि त्यांना पार्ट पुरवणारे शेकडो छोटे वर्कशॉप, अशाच एका शेडमध्ये ते लागले. आमच्या घरमालकाची जमीन एमआयडीसीत गेलेली आणि त्यांचा मुलगा तिथंच एका कंपनीत हेल्पर. म्हणजे स्वतःच्याच रानात कार्ड पंच करून जायचा. पण गोठा होता त्यांचा, पहाटे फर्स्ट शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत दूध काढून व्हायचं, आई चरवी घेऊन मला पाठवायची. आम्ही भाडेकरू असून मालकीणबाई कधी मापात मारायच्या नाहीत, वर थोडं जास्तच ओतायच्या. ८२ ला महापालिका झाली तेव्हा मी चौथीत होतो, एवढंच आठवतं की पुढं रस्ते झाले आणि चिखलात चप्पल अडकणं बंद झालं.

*पिंपळे सौदागरची सून*
माझं लग्न ९९ चं. सासूबाई तेव्हा पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून पिंपरी मंडईत न्यायच्या, केळीच्या सोपटानं जुडी बांधायला त्यांनीच शिकवलं, मला आजही तशी घट्ट जमत नाही. हिंजवडीत आयटी आलं आणि पाच-सात वर्षांत सगळं फिरलं. भाडी येतात, पोरं शिकली, खोटं कशाला बोलू, सुख आहे. पण एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. माहेरी माझ्याकडून जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. साडी नेसवली, पुरणपोळीचं जेवण, आणि दुपारी गाडीत बसवून सरळ रजिस्ट्रेशनला. कागद वाचायला पण दिला नाही कुणी. भावांनी नंतर तीच जमीन डेव्हलपमेंटला दिली, आता त्या दोघांतच कोर्ट चालू आहे. मी राखी बांधायला जाते अजून, दोन्ही घरी वेगवेगळी.

*नागपूरवाला*
ताई, वाचून गप्पच झालो. माझं आपलं साधं आहे. २००८ ला हिंजवडीत जॉब, वाकडला तीन जणांत वन बीएचके. बाल्कनीसमोर ऊस होता, खरंच ऊस, रात्री कोल्हे ओरडायचे. घरमालक काका संध्याकाळी बनियनवर खाली बसायचे, मला वाटलं रिटायर्ड शिपाई वगैरे असतील, नंतर कळलं पूर्ण गल्ली त्यांची. आता ऊस गेला, कोल्हे गेले, सकाळी भूमकर चौकात सिग्नलला जेवढा वेळ बसतो तेवढ्यात माझं गाव पायी फिरून होईल. नळाला दिवसाआड पाणी, मग टँकर. पण यात्रेला काका अजून घरी जेवायला बोलावतात. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. शेत नाही एक गुंठा, पण बैलजोडी आहे! खुराकाचा खर्च ऐकून मी ईएमआयबद्दल बोलणं बंद केलं.

*आकुर्डी*
तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आपल्याकडं विठ्ठल मंदिरात. आई पिठलं-भाकरी करायची वारकऱ्यांसाठी, आता सोसायटीतले लोक राजगिऱ्याचे लाडू वाटतात, त्यांच्यात निम्मे परप्रांतीय. मला तर आवडतं बुवा.

*भोसरीकर*
मोशीवाले दादा, वहीतलं अजून टाका की.

*धागा काढणारा*
टाकतो. मेथी ११० जुड्या, मंडई. मोटर रिवाइंडिंग. एके ठिकाणी नुसतंच "गारा". सौदागरच्या ताईंचं वाचून काल परत चाळली तर एक दिसलं. दर दिवाळीला आत्याच्या नावापुढं "१ पोतं ज्वारी, पोच" अशी नोंद आहे, सलग बावीस वर्षं. तिनंही सही केलीये, विचारलं घरी. जमीन गेल्यावर पोतं पण बंद झालं आणि आमच्यातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.