टर्बोचा दाब बाहेर सोडायचा की परत फिरवायचा? आधी सेन्सर कुठे आहे ते बघा

एकाने विचारलंय की टर्बोच्या गाडीला, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) सोडल्यावर टर्बोने दाबलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवल्यावर गिअर बदलताना गाडी अडखळते आणि सिग्नलला बंद पडते, ते का. दोष बहुधा व्हॉल्व्हचा नाही, हवा मोजण्याच्या जागेचा आहे.

हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी असेल, तर बाहेर गेलेली हवा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हिशेबात आधीच धरलेली असते. इंधन तेवढं पडतं, हवा मात्र पोचत नाही. मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने इंधन जास्त), कधी सायलेन्सरमधून काळा धूर. अशा गाडीत हवा परतच फिरवावी, आणि परतीचा पाइप सेन्सरनंतर, पण कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) तोंडाआधी जोडावा. सेन्सरच्या आधी जोडला तर तीच हवा दोनदा मोजली जाते. सेन्सरऐवजी मॅनिफोल्डचा (थ्रॉटलनंतर इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब बघून चालणाऱ्या ईसीयूला यातलं काहीच अडत नाही.

आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) बंद पडण्याचं कारण बऱ्याचदा व्हॉल्व्हची स्प्रिंग. ती मऊ असली की आयडलच्या व्हॅक्युमवरच व्हॉल्व्ह उघडतो. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आयडलला बंदच हवा. हात लावून बघा, हवा आत ओढत असेल तर स्प्रिंग घट्ट करा. फार घट्ट केली तर थ्रॉटल सोडताना फडफड ऐकू येईल. व्हॉल्व्हला दाब कळवणारी नळी थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवरून, आखूड आणि स्वतंत्र घ्या.

सुपरचार्जरचं (इंजिननेच फिरवलेल्या कॉम्प्रेसरचं) गणित वेगळं: तिथे आयडल आणि क्रूझला (एकसारख्या वेगाने जाताना) बायपास, म्हणजे हवा परत फिरवणारा व्हॉल्व्ह, उघडाच असतो, त्यामुळे सेन्सर सुपरचार्जरच्या आधी असेल तर बाहेर सोडण्याचा विचारही नको.