लवंगेच्या नमुन्याचं विरलन

प्रयोगशाळेतले काही जण सांगतात की लवंग पावडर नेहमीप्रमाणे 25 ग्रॅमला 225 मिलि माध्यम (जिवाणू वाढवायचं पोषक द्रावण) अशी घेतली, साल्मोनेला (अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू) आढळला नाही, म्हणजे माल स्वच्छ. कृपया या निकालावर विसंबू नका. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हे रसायन जिवाणूंना दाबून टाकतं. त्यामुळे जिवाणू नमुन्यात असले तरी माध्यमात वाढत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) पद्धतीत दालचिनीला 1:100 आणि लवंगेला 1:1000 विरलन (माध्यमात पातळ करणं) सांगितलंय. म्हणजे 25 ग्रॅमला तब्बल 25 लिटर! इन्क्युबेटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटात) जागा करणं जिकिरीचं आहे, मान्य. कांदा-लसूण पावडरही जिवाणूंना दाबते, पण तिला माध्यमात 0.5 टक्के पोटॅशियम सल्फाइट घालून भागतं. शंका असेल तर त्याच लवंगेत मुद्दाम थोडे जिवाणू सोडा आणि परत मिळतात का बघा.