राणीच्या बागेतील संग्रहालय: जीर्णोद्धाराने वास्तूला १८७२ सालात परत न्यावे का?

गिरगावकर (धागालेखक):

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा २००३ ते २००८ या काळात झालेला जीर्णोद्धार हा मुंबईतील वास्तुजतनाचा सर्वोत्तम नमुना आहे, असे माझे मत आहे. महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था यांच्या त्रिपक्षीय करारातून हे काम झाले. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी होते आणि २००५ साली युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातील आपला सर्वोच्च वारसा पुरस्कार या कामाला दिला. नंतरच्या रंगांखाली गेलेली जुनी रंगसंगती, ओतीव लोखंडाच्या खांबांवरचा सोनेरी वर्ख, छताची नक्षी आणि मिंटन या इंग्लिश कंपनीच्या फरश्या यांचे तेज पुन्हा दिसू लागले.

काही मित्रांचा आक्षेप असा की, इमारत गरजेपेक्षा जास्त नवी दिसते. मला तो पटत नाही. हे संग्रहालय उद्योग, हस्तकला आणि निसर्गसंपत्ती लोकांना दाखवण्यासाठी उभारले गेले, त्यामुळे खांब, कमानी, फरशी आणि सागवानी कपाटे हीसुद्धा तिथली प्रदर्शित वस्तूच आहेत. ती रंगाखाली झाकून ठेवणे म्हणजे संग्रहातील एक मोठी वस्तू तळघरात टाकण्यासारखे आहे. २ मे १८७२ रोजी, उद्घाटनाच्या दिवशी, लोकांना जे दिसले, त्याच्या शक्य तितके जवळ जाणे हेच जीर्णोद्धाराचे ध्येय असावे.

परळकर:

धागालेखकांच्या तळमळीबद्दल आदर बाळगूनही मी ठामपणे असहमत आहे. १८७२ हेच साल का? हा संग्रह त्याआधीचा आहे. १८५५ मध्ये तो कोटातल्या (आजच्या फोर्टातल्या) बराकीत मांडला गेला आणि १८५७ च्या उठावाच्या वेळी लष्कराला जागा हवी म्हणून घाईने बाहेर काढला गेला, त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. संग्रहालयाचे तेव्हाचे अभिरक्षक जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट, भाऊ दाजी आदींनी वर्गणी जमवून नव्या इमारतीचा ध्यास घेतला आणि १८६२ मध्ये पायाभरणी झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ मध्ये फुटल्यावर पैसा आटला, काम रखडले आणि अखेर सरकारने ते पुरे केले. १९७५ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती अल्बर्ट यांची नावे जाऊन भाऊ दाजींचे नाव लागले. या साऱ्या काळातून एकच दिवस, तोही उद्घाटनाचा, निवडला की उरते ते साम्राज्याचे वैभव. लालबाग-परळची गिरणगावातली कुटुंबे सुट्टीच्या दिवशी बागेत येत आणि संग्रहालयही पाहून जात, त्या दीर्घ काळाची एकही खूण भिंतीवर उरत नाही.

याच आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती पाहावा. तो तुकड्यांच्या रूपात बागेत आला आणि १९१४ साली ते तुकडे सांधून उभा केला गेला. तो मोडला होता हे लपवण्याची गरज कोणालाही वाटत नाही, आणि म्हणूनच त्याचा प्रवास आपल्याला कळतो. इमारतीलाच वेगळा न्याय का?

चुना-वीट:

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून दोघांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोणता थर ठेवायचा आणि कोणता काढायचा हे पुष्कळदा विचारधारा ठरवत नाही, भिंत ठरवते. चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि आतला चुना भुसभुशीत होतो. असा थर कितीही ऐतिहासिक असला तरी काढावाच लागतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडाचेही तसेच आहे, कारण गंज नीट खरवडल्याशिवाय वर रंग दिला तर गंज लोखंडाला आतून खात राहतो.

मात्र साधा, भिंतीला अपाय न करणारा जुना रंग काढण्याचे तांत्रिक कारण नसते, तिथे निवड खरोखरच माणसाची असते. परळकरांचा प्रश्न तेवढ्यापुरता रास्त आहे. माझी खरी चिंता वेगळी आहे. महासाथीत बंद झालेले हे संग्रहालय पुढे दुरुस्तीसाठीही बंद राहिले आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा उघडले. छताचे पाणी, पन्हळी, गटारे यांची दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी झाली नाही, तर कोणतेही साल टिकणार नाही.

गिरगावकर:

चुना-वीट यांच्या तपशिलाबद्दल आभार. परळकरांना मात्र एक विचारतो. १८७२ म्हणजे फक्त राणीचे साल, असे आपण का मानावे? ज्या वर्गणीतून ही वास्तू सुरू झाली ती येथल्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी दिलेली होती. त्यात बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून होते, जमशेटजी जीजीभॉय यांचे घराणे होते, नाना होते. भाऊ दाजी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, शिलालेखांचे अभ्यासक आणि मुंबईचे शेरीफ. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले, म्हणजे पूर्ण झालेली ही इमारत त्यांना जेमतेम दोनच वर्षे लाभली. त्यांनी पाहिलेले रूप आपल्यालाही पाहता येणे, यात साम्राज्याचा गौरव मला दिसत नाही. नानांच्या पिढीने या शहरात स्वतःच्या हिमतीने ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांचाच तो पुरावा आहे.

परळकर:

वर्गणीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे. दालनात ससून यांनी दिलेला राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आजही उभा आहे आणि संस्थेला नाव भाऊ दाजींचे आहे. दोन काळ एकाच छताखाली नांदतात आणि त्याने कोणाचेही बिघडत नाही. भिंतींनाही तेवढी मुभा असावी. पुढच्या दुरुस्तीत, जिथे चुन्याला अपाय नाही अशा एखाद्या कोपऱ्यात, वितभर चौकोन खरवडून सगळे थर एकाखाली एक उघडे ठेवावेत आणि शेजारी मराठीत लिहावे की कोणता रंग काढला, कोणता ठेवला आणि का. मातीच्या ज्या लहान प्रतिकृतींत वेगवेगळ्या जातींची आणि व्यवसायांची माणसे दाखवली आहेत, त्यांच्यापाशीही असाच फलक हवा, कारण ती वर्गवारी करणारी नजर कोणाची होती हे पाहणाऱ्याला कळलेच पाहिजे. पैसे महापालिकेचे असोत की देणगीदारांचे, हे निर्णय काम सुरू होण्याआधी नागरिकांपुढे मांडले जावेत, ही माझी मागणी आहे.