बेकेटचा खून: आधी तलवारी बाहेरच होत्या
कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या खुनाबद्दल 'इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने हुकूम सोडला आणि चार सरदार ठार मारायलाच कँटरबरीला निघाले' असं सांगितलं जातं, पण ते घटनाक्रमाशी जुळत नाही. 'या उपद्रवी पाद्र्यापासून मला कोण सोडवेल' हे प्रसिद्ध वाक्यही समकालीन वृत्तांतात त्या शब्दांत नाही. वार होताना बेकेटच्या शेजारी असलेल्या एडवर्ड ग्रिमने नोंदवलेला राजाचा संताप दरबाऱ्यांवरचा आहे: एक हलक्या कुळातला धर्मगुरू धन्याचा अपमान करतो आणि आपण पोसलेली माणसं बघत बसतात. चिथावणी जबर आहे, पण आज्ञा नाही.

29 डिसेंबर 1170 ला फिट्झअर्स, मोरव्हिल, ट्रेसी आणि ले ब्रेटन हे चार सरदार आधी निःशस्त्र बेकेटच्या निवासात गेले. वाद होता बेकेटने काही बिशपांवर घातलेल्या धर्मबहिष्काराचा. जूनमध्ये राज्याभिषेक करण्याचा कँटरबरीच्या आर्चबिशपचा हक्क डावलून राजपुत्राचा राज्याभिषेक उरकण्यात या बिशपांचा हात होता. बाचाबाची झाल्यावर चौघे बाहेर आले आणि शस्त्रं घेऊन परतले. भिक्षू कॅथेड्रलच्या दाराला अडसर घालत होते, तो बेकेटनेच काढायला लावला. माझ्या मते सगळं इथेच ठरलं. आत शिरल्यावरही त्याला ओढून बाहेर काढायची झटापट झाली, तो हलेना तेव्हा तलवार चालली. पहिल्याच वारात मध्ये घातलेला ग्रिमचा हात जबर जखमी झाला, आणि ले ब्रेटनची तलवार फरशीवर आपटून मोडली. राजाच्या न्यायालयाने चौघांपैकी एकालाही शिक्षा केली नाही. पोपने बहिष्कृत करून प्रायश्चित्तासाठी त्यांना जेरुसलेमकडे धाडलं.